कडा नसलेली पाटी

मोशीहून नाशिक रस्त्यानं चाकणकडे निघालं की गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने लागत जातात. आजच्या अनेक गाड्यांत पुढचा अडथळा ओळखणारा 77 गिगाहर्ट्झचा रडार असतो. त्याचा अँटेना बहुतेकदा सर्किट बोर्डावरच असतो: वर तांब्याचे छोटे चौकोन, मध्ये इन्सुलेटर, खाली पुन्हा तांबं. लहरीची लांबी जेमतेम 3.9 मिलिमीटर. म्हणून बोर्ड बनवण्याआधी तो संगणकावर तपासतात. त्या आकडेमोडीचं एक मूळ मात्र थेट जमिनीत आहे.

1901 मध्ये मार्कोनीचा संदेश अटलांटिकपार गेला आणि प्रश्न पडला: पृथ्वी गोल, मग लहरी पोचल्या कशा? जमिनीला चिकटून? 1909 मध्ये जर्मनीत आर्नोल्ड झोमरफेल्डनं पृथ्वीला सपाट, अमर्याद थर मानून तिच्यावरच्या अँटेनाचं गणित मांडलं. लांब पल्ल्याचं खरं उत्तर पुढे वर, आयनोस्फिअरमध्ये सापडलं. पण गणित टिकलं.

1968 मध्ये रॉजर हॅरिंग्टनचं 'मेथड ऑफ मोमेंट्स'वरचं पुस्तक आलं: धातूचे लहान तुकडे पाडा, प्रत्येकातला विद्युतप्रवाह शोधा. पुढे दोन्ही धागे जुळले. थर अमर्याद मानले की त्यांचा परिणाम झोमरफेल्डच्या सूत्रांतच येतो. तुकडे फक्त तांब्याचे पाडायचे. साध्या पीसीवरही काम होऊ लागलं.

याचा उपयोग पवईत झाला. असे चपटे अँटेना स्वस्त, पण फार अरुंद पट्ट्यात चालतात. पट्टा रुंदावण्याचे मार्ग, उदाहरणार्थ चौकोनावर चौकोन रचणं, आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि 'समीर'चे के. पी. रे यांनी 2003 च्या 'ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज' या पुस्तकात एकत्र आणले. त्यासाठी त्यांनी याच पद्धतीचं 'आयई-थ्रीडी' सॉफ्टवेअर वापरलं.

मेख एकच. खऱ्या बोर्डाला कडा असते. इन्सुलेटरमधून सरकणाऱ्या लहरी तिथे पोचून बाहेर पडतात, काही मागेही जातात. खालचं तांबं अमर्याद धरलं, तर सॉफ्टवेअर मागच्या बाजूला शून्य दाखवतं. गणित बरोबरच असतं, फक्त ते झोमरफेल्डच्या सपाट पृथ्वीचं असतं. बंपरमागचा रडार तळहाताएवढा असतो. म्हणून 'रन' दाबण्याआधी एवढंच विचारायचं: इथे कडेनं फरक पडतो का? पडत असेल, तर कडेसकट मॉडेल करायचं, वेळ कितीही लागो.