मागेल त्याला काम

पहिल्या पगाराची स्लिप मी फोनवर तीनदा उघडून पाहिली. हातात किती पडले ते बघून झाल्यावर नजर कपातीच्या रकान्यात गेली. प्रोफेशन टॅक्स : 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. हा कसला कर, असं ऑफिसात विचारलं तर कुणालाच नीट सांगता येईना. उत्तर घरातच निघालं. आजीपाशी.

1972च्या दुष्काळात आजी बीड जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर होती. वय अठराच्या आसपास. डोक्यावर मातीची पाटी, रेशनवर लाल मिलो, कामावर वाटायची ती सुकडी. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. "मुकादमानं मस्टरवर नाव घातलं की त्या दिवशीची चूल पेटायची," ती सांगते.

पाऊस झाला की दुष्काळी कामं बंद, हा ब्रिटिशांपासूनचा शिरस्ता. वि. स. पागे यांना तो मान्य नव्हता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी 1965मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला होता : मागेल त्याला काम, दुष्काळ असो वा नसो. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. खेड्यातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत द्यायचं; नाही जमलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पुढे 2005मध्ये देशानं केलेल्या कायद्याचं मूळ इथेच आहे.

पैसा कुठून? त्यासाठीच 1975मध्ये प्रोफेशन टॅक्स आला. शहरातल्या पगारदारानं भरायचा, खेड्यातल्या मस्टरवर खर्चायचा, आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. माझ्या स्लिपवरच्या 200 रुपयांचं गोत्र हे असं आजीच्या पाटीशी जुळतं.

मधली पिढी मात्र या गोष्टीत कुठेच बसत नाही. बाबा बी.कॉम. झाले 1997मध्ये. जिल्ह्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये रांग लावून त्यांनी नाव नोंदवलं. ही कार्यालयं 1945मध्ये महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली आणि 1948मध्ये सगळ्यांना खुली झाली. 1959च्या कायद्यानं रिकाम्या जागा त्यांना कळवणं बंधनकारक केलं. पण त्यांच्या यादीतलाच माणूस घ्या, अशी सक्ती कुणावरच केली नाही. बाबांचं कार्ड अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. कॉल एकदाही आला नाही. शेवटी त्यांनी किराणा दुकान टाकलं.

माझ्या वाट्याला 2024ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना 6000, आयटीआय किंवा डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10,000. मुदत आधी सहा महिने, मग वाढून अकरा. एका सरकारी कार्यालयात मी फायली लावल्या, टायपिंग केलं, थोडंफार शिकलोही. मुदत संपली तसं टेबल रिकामं केलं. पुढची नोकरी माझी मीच शोधली.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते. शाळा न पाहिलेल्या आजीचा कामावर कायद्यानं हक्क होता. ते मिळालं नाही तर सरकार तिचं देणं लागत होतं. शिकलेल्या बाबांना नोंदणी क्रमांक मिळाला, मला प्रमाणपत्र. मला पाटी उचलायची नाही, आणि आजीलाही ते नको होतं, म्हणून तर तिनं मुलाला शिकवलं. पण शिकल्यावर हक्काची जागा योजनेनं घेतली. योजनेला मुदत असते. पंधरा दिवसांत काम द्या, असं मी कुणाला म्हणू शकत नाही.

200 रुपयांचं आजीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

"जाऊ दे की," म्हणाली. "कुणाचं तरी मस्टर चालत असंल त्याच्यावर."

मग तिनं विचारलं, "तुझी तरी पक्की हाय का रे?"

अजून नाही, आजी.