पेंड, बुरशी आणि दूध

भुईमुगाचें तेल काढून घेतल्यावर घाण्यांत जी पेंड उरते, ती दुभत्या जनावरांना घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आपल्याला नकोसा झालेला चोथा गाईच्या किंवा शेळीच्या पोटांत जातो आणि त्याचें दूध होतें. यापरती काटकसर ती कोणती? परंतु या व्यवहारांत एक धोका दडलेला आहे. तो प्रथम उघडकीस आला इंग्लंडांत, आणि तोही दुधामुळें नव्हे, तर टर्की नांवाच्या पक्ष्यांमुळें.

सन १९६० मध्यें दक्षिण व पूर्व इंग्लंडांत टर्कीचीं पिलें पटापट मरूं लागलीं. थोड्याच महिन्यांत मृतांची संख्या लाखावर गेली. रोगजंतु कांहीं सांपडेना, म्हणून रोगाला नांवही ‘टर्की एक्स’ असेंच पडलें. शेवटीं शोधकांची दृष्टि खाद्याकडे वळली. त्यांत ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. १९६१ सालीं या पेंडेंत ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाच्या बुरशीनें विष निर्माण केल्याचा छडा लागला. बुरशीच्या नांवावरूनच त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणूं लागले.

मग साहजिकच प्रश्न उठला, हीच पेंड खाणाऱ्या गाईंचें काय? १९६३ सालीं ऑलक्रॉफ्ट व कार्नाघन या संशोधकांनीं अशा गाईंच्या दुधाचा अर्क बदकाच्या पिलांना दिला. पिलांच्या यकृतांत तीच विकृति दिसून आली. पोटांत गेलेल्या विषाचा थोडा अंश रूप पालटून दुधांत उतरतो. शेळीचें दूधही याला अपवाद नाहीं. रंगावरून वा चवीवरून तें ओळखतां येत नाहीं.

दूध नीट तापविलें म्हणजे आपण निर्धास्त होतों. जंतूंपुरता तो विश्वास सार्थ आहे. पण हें विष म्हणजे जंतु नव्हे, आणि उकळीला तें दाद देत नाहीं. २०१८ सालीं भारतभर तपासलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकीं ३६८ नमुन्यांत तें कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेहून, म्हणजे किलोमागें अर्ध्या मायक्रोग्रॅमहून, अधिक आढळलें. पिशवीबंद दूधही त्यांत होतें.

तेव्हां दुधाची काळजी स्वयंपाकघरापूर्वींच, भुईमूग वाळविणाऱ्या खळ्यांत आणि पेंडेच्या कोठारांत घेतली पाहिजे. ओल धरलेली, बुरसटलेली पेंड स्वस्त मिळाली तरी ती जनावरापुढें टाकूं नये. तिची किंमत पुढें आपल्या घरांतलें मूल देत असतें.