बोटांकडून आलेली मोजपट्टी

गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय अहवाल डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात वाचला काय किंवा परळच्या टाटा रुग्णालयात, शेजारच्या लसिकाग्रंथी किती मिलिमीटरच्या आहेत इकडे नजर आधी जाते. ही मोजपट्टी यंत्राने आणलेली नाही, ती वैद्याच्या बोटांकडून आली, असे माझे मत आहे. गाठ चाचपून निदान करण्याच्या बोटांच्या सवयीचा आपल्याकडचा सर्वांत ठळक, आणि बदनाम, प्रसंग प्लेगचा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला, मुंबईतले चाकरमानी गावाकडे पळाले, आणि पुढच्या वर्षीच्या साथरोग कायद्याच्या जोरावर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपणे हे सरकारी काम झाले. गाठ फुगली की माणूस अडवायचा. गुदाशयाच्या कर्करोगाचे टप्पे पाडताना विकृतिशास्त्रज्ञ ड्यूक्सने १९३२ मध्ये ग्रंथीत पोचलेल्या रोगाला ‘सी’ टप्पा दिला, पण तो बोटांनी चाचपून नव्हे, शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की आकाराचा निकष सीटी स्कॅनमुळे रुजला; जुन्या जाड छेदांत ग्रंथीचे अंतरंग दिसतच नसे, मग मोजण्याखेरीज करणार काय? हे खरे, पण अर्धेच. मोजावे का लागले ते यातून कळते. मोठी ती वाईट, हे गृहीत आधीच कुठून आले ते कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते आणि जखम भरली की उतरते, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. मग बोटांना आकाराने कसे फसवले? फसवले नाहीच. जाणता वैद्य गाठ मऊ की टणक, सरकते की चिकटलेली, दुखरी की मुकी, हेही पाहत असे. यंत्राकडे जाताना वारशातला आकार तेवढा पोचला, बाकीचे ज्ञान वाटेत सांडले.

म्हणूनच रेडिओलॉजिस्ट जीना ब्राउन आणि सहकाऱ्यांचा गुदाशयाच्या कर्करोगातल्या ग्रंथींवरचा २००३ चा एमआरआय अभ्यास मला नव्या शोधापेक्षा सांडलेले उचलल्यासारखा वाटतो. ४२ रुग्णांच्या ४३७ ग्रंथी त्यांनी तपासल्या. ग्रंथीत रोग असलेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत निरोगी ग्रंथी रोगट ग्रंथींइतक्या किंवा त्यांहून मोठ्या निघाल्या! कामी आली ती ग्रंथीची वेडीवाकडी कड आणि एमआरआयवर दिसणारा आतला विषम संकेत. चिकटलेपणा आणि कठीणपणा यांचीच ही चित्ररूपे, असे मी बेधडक म्हणतो.

तरी मोजपट्टी गेली नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या सहमतीत, उपचारांपूर्वी, ९ मिलिमीटर वा मोठी ग्रंथी संशयित. ५ ते ८ मध्ये गोल आकार, अनियमित कड, विषम संकेत यांपैकी दोन खुणा हव्यात, ५ च्या खाली तिन्ही. कारण उघड आहे: कडेबद्दल दोन डॉक्टर भांडतील, व्यासाबद्दल कमी.