अवकाशीय कौशल्याचे अध्यापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अभियांत्रिकी व वास्तुकलेच्या प्रथम वर्षातील काही विद्यार्थ्यांना कागदावरील रेषांमधून घनवस्तू 'दिसत' नाही. 'याला ड्रॉइंगची दृष्टीच नाही' असे म्हणून त्यांना सोडून दिले जाते. ही दृष्टी उपजत असते की ती शिकविता येते, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

माँज यांची भूमिती :
गास्पार माँज (१७४६-१८१८) हे तरुणपणी फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात आरेखनाचे काम करीत. शत्रूच्या माऱ्यापासून सुरक्षित राहील अशी तटबंदी आखण्यासाठी त्याकाळी प्रदीर्घ आकडेमोड करावी लागे. माँज यांनी तोच प्रश्न भूमितीने अल्पावधीत सोडविला. परस्परांना काटकोनात असणाऱ्या दोन प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घ्यावयाचे व एक प्रतल फिरवून दोन्ही आकृत्या एकाच कागदावर आणावयाच्या, हे या पद्धतीचे सार होय. प्रारंभी ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे एकोल पॉलिटेक्निक म्हणून ख्यातनाम झालेल्या संस्थेत मात्र तिला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. तेथे शिकलेल्या क्लॉडियस क्रोझे यांनी ती अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे नेली आणि १८२१ मध्ये तिच्यावर इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिले. आपल्या महाविद्यालयांतील प्रथम कोन प्रक्षेपण पद्धतही याच कल्पनेवर उभी आहे.

मापन आणि प्रशिक्षण :
विसाव्या शतकात मानसशास्त्राने या क्षमतेचे मापन सुरू केले. १९७१ मध्ये शेपर्ड व मेट्झलर यांनी दाखविले की, वस्तू मनात जितक्या अधिक कोनातून फिरवावी लागते तितका अधिक वेळ लागतो. १९९३ मध्ये मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी व बेव्हर्ली बार्टमन्स यांनी अशा चाचणीत मागे पडलेल्या नवागतांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. मागे पडणाऱ्यांत मुलींचे प्रमाण लक्षणीय होते. ठोकळे हाताळणे, हाताने रेखाटन करणे व छेद ओळखणे या सरावाने विद्यार्थ्यांचे गुण स्पष्टपणे वाढले. २०१३ मध्ये उटाल व सहकाऱ्यांनी २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रशिक्षणाने ही क्षमता वाढते व ती वाढ टिकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निष्कर्ष :
माँज यांनी जी दृष्टी वर्गात शिकविली, तिलाच आपण कालांतराने उपजत देणगी मानू लागलो. ज्यांच्या बालपणी ठोकळे, यंत्रे वा नकाशे हाती आले नाहीत, त्या विद्यार्थ्यांवर यामुळे अन्याय होतो. प्रवेश परीक्षा ही क्षमता केवळ मोजते. ती वाढविण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे. संगणकाचा पडदा वस्तू फिरवून दाखवितो, परंतु ती मनात फिरविण्याचा सराव पेन्सिल व ठोकळा यांनीच घडतो. म्हणून प्रथम सत्रातच चाचणी घेऊन मागे असणाऱ्यांसाठी काही तासिका राखून ठेवणे अगत्याचे वाटते.