किंचाळणाऱ्या झडपेची कुळकथा

मेहकर-खामगाव रस्त्यावरचं आमचं जानेफळ. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेणखताच्या ट्रॉल्या सुरू होतात. लिव्हर ओढला की जॅक चढतो, ट्रॉली मागे कलते, खत धपकन खाली येतं. जॅक टोकाला पोचल्यावरही लिव्हर सोडला नाही, तर ट्रॅक्टर असा किंचाळतो की चार वावरांपलीकडचा माणूस वळून बघतो. लहानपणी मला वाटायचं, मशीन दुखावलंय. तसं नसतं. पंप तेल ढकलतोच आहे आणि जॅकमध्ये जागा उरलेली नाही. म्हणून एक पोलादी गोळी स्प्रिंग दाबून मागे सरते आणि जादा तेल टाकीत परत सोडते. आवाज त्या गोळीचा. तिचं नाव रिलीफ व्हॉल्व्ह. गावात मात्र सगळ्याच भानगडीला एकच शब्द, ‘हायड्रोलिक’.

या गोळीचा मूळपुरुष स्वयंपाकघरात सापडतो. दनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं शिजवून मऊ करणारं बंद भांडं मांडलं. कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते, म्हणून त्याने झाकणाला छोटं भोक ठेवून त्यावर दांडी आणि वजन बसवलं. वाफ वजनापेक्षा भारी झाली की झडप उचलायची. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच घराण्यातली. ट्रॅक्टरमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग आली, एवढाच फरक.

पाण्याच्या दाबाचं गणित पास्कालचं. त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली ते छापून आलं: लहान दट्ट्यावर लावलेला जोर मोठ्या दट्ट्यावर कितीतरी पट होऊन निघतो. कागदावर हे सोपं होतं, पण प्रत्यक्ष यंत्र यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, कारण पाणी दट्ट्याच्या कडेने निसटायचं. जोसेफ ब्रामाने 1795 साली हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हाही हीच रड होती. ती मिटवली चामड्याच्या वाटीसारख्या सीलने. त्याचं श्रेय बहुधा ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. दाब जितका वाढेल तितकी वाटीची कड भिंतीला अधिक घट्ट बसते. दाबालाच दाबाचा पहारेकरी केलं! मला विचाराल तर या कुळातला सर्वांत हुशार माणूस मॉडस्लेच.

ब्रामाच्या प्रेसचं गोत आपल्याकडे कापसाबरोबर आलं. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथे आला होता. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की फुगलेली रुई प्रेसमध्ये दाबून गाठ बांधायची. आजची गाठ 170 किलोची असते, आणि ती आवळणारा जोर हायड्रोलिकचाच.

इंग्लंडमध्ये पाण्याच्या दाबावर याऱ्या चालवणाऱ्या आर्मस्ट्राँगपुढे वेगळाच पेच होता. बंदरातली यारी क्षणभर चालते, मग थांबते. तिच्यासाठी दाब साठवायचा कुठे? ग्रिम्सबीच्या गोदीत 1852 साली नुसत्या पाण्याच्या उंच टाकीसाठी सुमारे 94 मीटरचा मनोरा उभा राहिला. पण तिथल्याच न्यू हॉलंड बंदराची जमीन वाळूची, मनोरा पेलणार नव्हती. तेव्हा त्याने उभ्या सिलिंडरमधल्या दट्ट्यावर प्रचंड वजन ठेवलं आणि पंपाने तो दट्ट्या वर चढवून ठेवला. हा अ‍ॅक्युम्युलेटर. विमानात वजनाची जागा कोंडलेल्या नायट्रोजनने घेतली.

विमानाच्या वाटेवर दोन माणसं भेटतात. एक माल्कम लॉकहीड. भावाबरोबर विमानं बनवणं सोडून तो मोटारींच्या हायड्रोलिक ब्रेककडे वळला; 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारी चाकांना ते ब्रेक होते. त्या सुरुवातीच्या ब्रेक-तेलांत आपलं एरंडेल असायचं. दुसरा नील्स क्रिस्टेन्सन, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला. खाचेत बसणाऱ्या रबरी कड्याचं, म्हणजे ओ-रिंगचं पेटंट त्याला 1939 साली मिळालं. वयाची सत्तरी उलटलेली होती. महायुद्धात विमानांच्या हायड्रोलिकने ती रिंग उचलली आणि मॉडस्लेचं चामडं मागे पडलं.

आता घरी बांधलेल्या विमानाकडे. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, 2016 साली ते बीकेसीतल्या प्रदर्शनात ठेवलं, आणि 2019 साली चाचणी उड्डाणाचा परवाना मिळवला. अमेरिकेत तर अशा हौशी लोकांची संघटना 1953 पासून आहे. पुष्कळ घरगुती विमानांची चाकं कायम खालीच असतात. त्यांचं हायड्रोलिक म्हणजे पायाखालचे ब्रेक, बस्स. पण लँकेअरसारख्या विमानाच्या किटमध्ये चाकं पोटात ओढली जातात आणि तिथे आपलं अख्खं कूळ एका डबीत नांदतं: विजेची मोटर, पंप, टाकी, झडपा.

चाकं वर गेली, दाब ठरल्या आकड्याला पोचला, की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. चाकं वर धरून ठेवतो तो नळीत कोंडलेला दाब. एखादी ओ-रिंग किंचित झिरपली, किंवा उंचावरच्या थंडीत तेल आकसलं, की दाब उतरतो आणि मोटर पुन्हा घरघरते. दर थोड्या मिनिटांनी ती सुरू होऊ लागली तर वैमानिकाने समजायचं, कुठेतरी गळती आहे. अ‍ॅक्युम्युलेटर असेल तर छोटी घट तो भरून काढतो.

उलट संकट उन्हाचं. पक्क्या नळीत पुरतं कोंडलेलं तेल एका अंशाने तापलं, तरी दाब साधारण दहा बारने चढू शकतो. आमच्या मे महिन्यात सकाळी सावलीत ठेवलेलं विमान दुपारी उन्हात आलं तर हिशेब तुम्हीच करा. यासाठी त्या नळीला वेगळी छोटी झडप लागते, पापँचंच नातवंड. आणि सगळंच बिनसलं, पंप जळाला, तर एक झडप हाताने उघडायची. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात.

आता परत गावाकडे. आमच्या एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याची ट्रॉली भरल्यावर उचलेना. मिस्त्री म्हणाला, “काही नाही भाऊ, स्प्रिंगमागं एक वायसर टाकला का उचलते.” रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे टाकला. स्प्रिंग आवळली, गोळी सहजी सरेना. ट्रॉली उचललीही. किंचाळणं बंद झालं म्हणून सगळे खूश. पंधरा दिवसांत भरल्या ट्रॉलीखाली होज फुटला, गरम तेल त्याच्या पोराच्या दंडावर उडालं. नंतर उघडून पाहिलं तर दुखणं जॅकच्या सीलमध्ये होतं.

ट्रॉली असो की विमान, तुमचं हायड्रोलिक उचलेनासं झालं तर आधी तेलाची पातळी बघा, मग सील बघा, मग दाबाचा गेज लावा. स्प्रिंगमागे वायसर मात्र टाकू देऊ नका.