दंडारीचा वारसा : संहिता, देह आणि नवी पिढी

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवर’पासून मानला जातो. पुढील इतिहासलेखन प्रामुख्याने नाटककार आणि छापील संहिता यांच्या आधारे विस्तारले. परिणामी ज्या प्रयोगपरंपरा संहितेवाचून जगल्या, त्यांची रवानगी ‘लोककला’ या कप्प्यात झाली आणि त्यांना इतिहास असू शकतो ही शक्यताच मागे पडली. पूर्व विदर्भातील दंडार हे याचे ठळक उदाहरण होय.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा वनव्याप्त, धानपिकाचा प्रदेश ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून आहे. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी अशा अनेक भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई हा या प्रदेशाचा सांस्कृतिक मेळा. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि दंडार उभी राहते. नृत्य, गाणे, ढोलकीची साथ, प्रसंगनाट्य आणि उत्स्फूर्त विनोदी गद्य यांचा तो एकमेळ असतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर दंडारीचाही अभ्यास मांडल्यामुळे या परंपरेला मराठी अभ्यासविश्वात नाव मिळाले; मात्र रंगभूमीच्या मुख्य इतिहासात तिला अद्याप जागा मिळालेली नाही.

दंडारीचे शिक्षण कोणत्याही ग्रंथातून होत नसे. लहान मुलगा तालमीच्या कडेला बसे. पावले पाहत पाहत त्याच्या अंगात उतरत. प्रथम रांगेच्या शेवटी उभे राहणे, मग गाण्याला झील धरणे, पुढे एखादे सोंग मिळणे हा त्या शिक्षणाचा क्रम. येथे ‘संहिता’ कागदावर नसून देहाच्या सवयीत साठवलेली असते. म्हणून तिची गाणी लिहून घेता येतात, कथानके नोंदवता येतात. तरीही ज्या देहात ती राहते त्या देहाला उत्तराधिकारी नसेल, तर नोंदीच्या वहीतून दंडार पुन्हा उभी राहत नाही.

याच मातीत झाडीपट्टीचे नाटक वाढले. हौशी ग्रामीण मंडळांपासून ते व्यावसायिक कंपन्यांपर्यंत त्याचा प्रवास झाला आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचे प्रमुख केंद्र ठरले. सुगी उलगडली की धानाच्या बांधीत मंच उभारला जातो आणि नाटक रात्रभर चालते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, हा अनेक गावांचा रिवाज. हजारो प्रयोगांतून शेकडो भूमिका केलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठेपर्यंत शंकरपटाचे निमित्त हरपले होते. तरीही नाटक टिकले. प्रेक्षक तिकीट काढतो, गाव आयोजन करते, नट त्यावर पोट भरतो. ही अर्थव्यवस्थाच त्याचे खरे संरक्षण होय.

परंतु या यशाची दुसरी बाजू आहे. पडदा, मंच आणि लिखित संवाद यांच्यासह जे नाटक उभे राहिले, त्यात दंडारीचा विनोद आणि गाणे उतरले. सामूहिक पावलांची शिस्त मात्र मागे राहिली. नव्या पिढीला वारसा मिळाला तो निवडक स्वरूपात. नृत्य आता वेगळे ‘सादर’ होते, कथेचा सांधा म्हणून येत नाही.

हा पेच झाडीपट्टीपुरता नाही. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाउ समाजाचे ‘रंदाई’ हे वर्तुळात खेळले जाणारे नाट्य ‘सिलेक’ या युद्धकलेच्या पदन्यासावर उभे आहे. दोन प्रसंगांमधील जागा नट वर्तुळातील चालींनी आणि विजारीच्या ताणलेल्या कापडावरील थापांनी भरून काढतात. पूर्वी वयात येणारे मुलगे रात्री ‘सुराउ’ या प्रार्थनागृहात राहत आणि तेथेच सिलेक शिकत. ती राहणी ओसरली तसे शिक्षणाचे मूळ ठिकाणही गेले. पाडांग पांजांग येथील कलासंस्थेत रंदाई शिकवले जाते आणि २०१९ साली इंडोनेशियाच्या ‘पेनचाक सिलात’ परंपरांना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. तेथे प्रशिक्षित कलावंत घडतात. पण सुराउतील सहवासाची जागा अभ्यासक्रम पूर्णपणे घेऊ शकत नाही. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे : तेथे देहशिक्षण हा नाट्यशिक्षणाचा पाया मानला गेला.

झाडीपट्टीत नेमकी हीच दृष्टी अभावाने आढळते. महोत्सवातील वीस मिनिटांची दंडार, स्पर्धेतील बक्षीस, चित्रफितींचा संग्रह, हे सारे स्वागतार्ह असले तरी त्यातून प्रेक्षक तयार होतो, वारसदार तयार होत नाही. ‘जतन’ या शब्दात वस्तू पेटीत ठेवण्याची कल्पना दडलेली आहे. दंडारीसाठी ती अपुरी ठरते. तिला हवी आहे ती तालमीची रात्र आणि कडेला बसू दिलेले मूल. सालेकसा वा देवरी तालुक्यातील तरुण रोजगारासाठी नागपूर-रायपूरची वाट धरतो, तेव्हा गाव एका मजुराबरोबर रांगेतले एक पाऊलही गमावते. रंगभूमीच्या इतिहासकाराने संहितांच्या यादीबरोबर या गळालेल्या पावलांचीही मोजदाद केली नाही, तर मराठी नाटकाचा इतिहास अर्धाच राहील.