कुलगुरूंची पारख : पुणे ते चांदवड

१) चांदवड म्हटले की होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर आठवते. याच गावात १९२८ साली केशवलालजी आबड यांनी नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. त्या संस्थेची महाविद्यालये आज दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील कुलगुरूंच्या कर्तृत्वाची झळ किंवा सावली येथवर पोहोचते.

२) मग कुलगुरूंची पारख कशी करावी? १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा पहिले कुलगुरू होते मुकुंदराव जयकर. ते कायदेपंडित, फेडरल कोर्टाचे माजी न्यायाधीश. मात्र महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे का, याचा विचार करणाऱ्या १९४२ च्या समितीचे अध्यक्ष तेच होते. पदाच्या आधी त्यांनी प्रश्नाचा अभ्यास केला होता.

३) त्याच वर्षी राधाकृष्णन आयोगाने कुलगुरूपदाची कसोटी मांडली. हे काम पूर्णवेळाचे आहे; कुलगुरूने विद्यापीठाची सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवावी, गैरप्रकारांना तत्परतेने आळा घालावा आणि समाजाप्रती असलेल्या कर्तव्याचे भान विद्यापीठाला द्यावे, असे आयोगाचे मत होते.

४) हे शेवटचे कर्तव्य सर्वांत अवघड ठरले. आरंभी पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. १९९० मध्ये धुळे-जळगावसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. नाशिक जिल्हा मात्र पुण्याकडेच राहिला.

५) या अंतराला निराळे उत्तर दिले राम ताकवले यांनी. १९७८ ते १९८४ या काळात ते पुण्याचे कुलगुरू होते. पुढे १९८९ मध्ये नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीची वाट तेथे खुली झाली.

६) आज शोधसमिती नावे सुचवते आणि कुलपती या नात्याने राज्यपाल निवड करतात. पदव्या, शोधनिबंध, प्रशासकीय अनुभव हे सारे कागदावर तपासता येते. प्रश्नाची पूर्वतयारी, गैरप्रकारांपुढचा ठामपणा आणि दूरच्या विद्यार्थ्याची जाण मात्र आधीच्या कामातूनच वाचावी लागते. ते वाचन उथळ झाले, तर त्याची किंमत प्रथम मोजतो तो लांबच्या तालुक्यातला विद्यार्थी. चांदवडला निकाल वेळेवर लागतो का, तक्रारीला उत्तर मिळते का, हे विचारल्याशिवाय कुलगुरूंचे मूल्यमापन पुरे होत नाही.